घुसलं कोण?

आई शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवत होती. मुलं तिच्यामागे तिला ‘शिट्टी’ म्हणायची, आणि ते तिला ठाऊक होतं. कवायत, धावण्याच्या शर्यती सगळं ठीक, पण तिचा खरा जीव रांगेवर. नळाशी, जिन्यात, वर्गात शिरताना, रांग म्हणजे रांग. कोणी मध्येच घुसलं तर ती आरडाओरडा करायची नाही. शिट्टी वाजवायची आणि विचारायची, "घुसलं कोण? हात वर." मग नुसती उभी राहायची. दोन मिनिटं, पाच मिनिटं. कधी ना कधी एक हात वर यायचाच. त्यानं मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जायचं, विषय संपला. घरी आम्ही तिघंच, तरी सकाळी बाथरूमबाहेर रांग असायची. वडिलांनाही त्यात सूट नव्हती.

हे सगळं माहीत असून मी ते केलं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

परदेशातल्या त्या सहलीत थीम पार्कसाठी एकच दिवस होता. माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं महिनाभर आधीच राइडची यादी करून ठेवली होती. पहिला नंबर होडीचा. उंच चढून धाडकन पाण्यात कोसळणारी होडी. तिच्या दाराशी पाटी लावलेली, थांबावं लागेल शंभर मिनिटं. मुलीचं तोंड एवढंसं झालं.

"मग उभं राहू या ना," माझी बायको म्हणाली.

पण मी पडलो दीडशहाणा. फाटकाशी व्हीलचेअर मिळतात आणि खुर्चीत बसलेल्यांना घरच्यांसकट वेगळ्या दारानं आत घेतात, हे मी आल्या आल्या हेरून ठेवलं होतं.

"आई, नुसतं बसायचं. कोणी काही विचारत नाही."

"माझे पाय धडधाकट आहेत रे."

"तुझ्यासाठी नाही गं. नातीसाठी."

हे वाक्य मी राखून ठेवलं होतं. आई नातीकडे बघत राहिली आणि मग बसली. पर्स मांडीवर, नजर पर्सवर. "मी ढकलणार नाही हं," बायकोनं बजावलं, तेव्हा खुर्ची मीच ढकलली.

वेगळ्या दाराशी गणवेशातली एक तरुणी होती. तिनं खरोखरच काही विचारलं नाही. उलट आईसमोर गुडघे टेकून बसली आणि इंग्रजीत म्हणाली, सावकाश, काही घाई नाही. तिनं होडी थांबवून धरली, आईचा हात हातात घेऊन तिला उठवलं. आई थरथरत होती. ती लाजेनं थरथरत होती हे मला कळत होतं, बाकीच्यांना कुठून कळणार? होडीपर्यंत चार पावलं. तिसऱ्या पावलाला रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग दीड तास उन्हात ताटकळलेली ती सगळी माणसं आईच्या हिमतीसाठी टाळ्या वाजवू लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. होडी कोसळली तेव्हा आमच्यातलं कोणीच ओरडलं नाही.

बाहेर आल्यावर मुलीनं हळूच विचारलं, "आजी, तुझ्या शाळेत घुसलं की शेवटी जायला लागायचं ना?"

टोमणा मारायचं तिचं वय नाही. तिला खरंच विचारायचं होतं. आई खुर्चीतून उठली, पर्स खांद्याला अडकवली.

"ही खुर्ची परत देऊन ये," ती मला म्हणाली, "आणि माझ्यामागे उभा राहा."

बायको मुलीला घेऊन दुसऱ्या राइडकडे गेली. आम्ही दोघं रांगेच्या शेपटाला. पावणेदोन तास गेले, पण आई एकदाही कठड्याला टेकली नाही. मी पाणी दिलं, ते प्यायली. एकदाच म्हणाली, "एकतीस वर्षं रे."

आमचा नंबर आला, तर दाराशी तीच तरुणी. तिनं आईला ओळखलं आणि ती घाबरलीच. या बाई अशा पायांवर एवढा वेळ उभ्या? तिनं धावत येऊन आईचा हात धरला आणि कुणाला तरी खुर्ची आणायची खूण केली. मागे पुन्हा एक टाळी वाजली.

"नो," आई म्हणाली. मग एकेक शब्द जुळवत तिनं सांगितलं की तिचे पाय ठणठणीत आहेत, सकाळीही होते. तरुणीला काही उमगेना. तेव्हा आईनं कवायतीतल्यासारखे जागच्या जागी गुडघे उचलून दाखवले. एक, दोन, एक, दोन.

तरुणीनं तिचा हात सोडला. रागानं सोडला असं नाही, धरायचं कारणच उरलं नव्हतं. मग तिनं विचारलं, खुर्ची आणायचं डोकं कुणाचं? आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आईनं हात वर केला. सरळ, दंड कानाला टेकवून, तिच्या शाळेतली पोरं करायची तसा.

आणि हात तसाच ठेवून ती उभी राहिली. तिचं हे थांबणं मी लहानपणापासून ओळखतो. ती वाट बघत होती. मी तिच्या मागेच होतो, माझे दोन्ही हात कठड्यावर होते, आणि ते तिथेच राहिले.