गिरणीवाल्यांची कादंबरी

जुन्नरच्या बाजारातले आमचे गिरणीवाले दुपारचं दळण संपलं की पिठाच्या हातांनीच कादंबरी उघडत आणि अंथरुणाला खिळलेल्या बायकोला वाचून दाखवत. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे प्रेमाचे हळवे संवादही ते ओरडूनच म्हणत. रस्त्यावरचे लोक हसत.

नायिका शेवटी मरते, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. म्हणून ते रोज एकच पान वाचत.

"पुढं वाचा की, लई घोर लागलाय," बायको म्हणायची.

"उद्या," ते म्हणायचे.

पुस्तक अर्ध्यावर असतानाच ती गेली. नंतर एकदा मी दळण घेऊन गेलो, तर त्यांनी गिरणी बंद केली. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, मरणाचं भ्या तिला नव्हतंच. मलाच व्हतं. तिला शेवट ऐकायचा व्हता."