कोळशाची इस्त्री

मुळशीला धरणाच्या बाजूनं रिसॉर्टं वाढली, तशी आप्पांकडे चादरींची इस्त्री यायला लागली. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आप्पा म्हणजे माझे वडील. साठी ओलांडलेले, हृदयाचा एक झटका पचवलेले. मी अंगणवाडीतली नोकरी उरकून आले की आईबरोबर घड्या घालायला बसायची.

पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस यायची नाही, म्हणून इस्त्री कोळशाची. पत्र्याच्या टपरीत तिरकी सर घुसायची. चादरी भिजू नयेत म्हणून आप्पा दार लावून घ्यायचे. आत शेगडीत कोळसे फुललेले. संध्याकाळपर्यंत आमची डोकी ठणकायची आणि आप्पांची छाती आवळून यायची. जिभेखाली गोळी धरून ते गठ्ठ्यावर बसून राहायचे. आईनं मीठ कमी केलं, लोणचं बंद केलं, पुढे विडीही सुटली. पथ्य सांभाळून सगळेच थकलो. दुखणं हलेना.

श्रावणातल्या एका दुपारी आप्पांनी इस्त्री उभी केली आणि ते तिथंच खाली बसले. घामानं निथळत होते. आईनं आणि मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. जीप मिळवून पुणं गाठेस्तोवर अंधार पडला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कामाची चौकशी केली.

"कोळसा पेटवून दार लावता?"

"मंग पावसात उघडं ठिवायचं व्हय?" आई म्हणाली.

"कोंडलेल्या कोळशातून विषारी वायू सुटतो. रक्तातली प्राणवायूची जागा तोच अडवतो. तुमचं डोकं दुखतं. यांच्या हृदयाला आधीच रक्त कमी पोचतंय, त्याला हे झेपत नाही."

"पन टपरीत धूर न्हाईच की," आप्पा पडल्यापडल्या म्हणाले.

"धूर नाही, वास नाही, म्हणूनच कळत नाही, बाबा."

आई कपाळाला हात लावून बसली. "आमी मिठावरनं भांडतुया, आन् मारतुया कोळसा!"

घरी आल्यावर टपरीचा पुढचा पत्रा उचकटून काढला. शेगडी बाहेर वळचणीला नेली, इस्त्री आम्ही दोघींनी हातात घेतली. चादरींवर शिंतोडे उडायचे, राख पडायची, गठ्ठे परत यायचे. पुन्हा धुवायचे, पुन्हा वाळत घालायचे. आप्पांच्या कळा कमी झाल्या, पण जे हृदय खराब झालं होतं ते झालंच होतं. चार पावलं चालले की म्हणायचे, "दमतुया लई." ओट्यावर बसून आमच्या घड्या बघायचे. "कड जुळली न्हाई," म्हणायचे. मग तेही म्हणेनासे झाले.

पुढच्या एका उन्हाळ्यात दुपारच्या झोपेतच ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर आई म्हणाली, "आधी कळाया पायजे हुतं गं."

"व्हय," मी म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला अंगणवाडी उघडायची होती. किल्ली घेऊन निघाले.