काकांनी न सांगितलेलं मत

कोणाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याचा सराव म्हणजे परीक्षेतली उत्तरं. शेजारच्या खोलीतल्या काकांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत अजून आहेत. त्यांच्यातलं कोणीतरी लिहील असं वाटलं होतं. आता तसं दिसत नाही, म्हणून हे धाडस. चुकलं तर सांभाळून घ्या.

मतदान करून आलेला माणूस काही बोलू लागला की काका दोन्ही कानांवर हात ठेवायचे. मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा तेच मला शाळेतल्या केंद्रावर घेऊन गेले होते. बाहेर येताच मी उत्साहाने तोंड उघडलं, तर भर रस्त्यात त्यांचे हात कानांवर. "माका सांगू नको," ते म्हणाले. "आईक पण सांगू नको." मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, तोही त्यांना ऐकू येत नव्हता.

काका परळच्या एका थिएटरात डोअरकीपर होते. ते थिएटर पुढे बंद पडलं. सबंध सिनेमा त्यांनी क्वचितच पाहिला असेल. दार लावताना सुरुवात दिसायची आणि उघडताना शेवट. मधलं सगळं ते बाहेर पडणाऱ्या लोकांच्या तोंडावरून ओळखायचे. गिरगावची मंडळी घरून डबा आणायची, भायखळ्याची पोरं खुर्चीवर उभी राहायची, लालबागचे लोक व्हिलनला नावानिशी शिव्या घालायचे, असं ते रंगून सांगत. "पण रडूक लागले काय सगळे नाक बाहीकच पुसतत," हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं.

टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा ते चाळीच्या गणपती मंडळाच्या खोलीत बसून बघायचे. फोनवरून मत द्यायला मीच त्यांना शिकवलं. तेही मत ते भिंतीकडे तोंड करून द्यायचे. पोरं हसायची. तुम्हीही हसला असता.

मग एका वर्षी आमच्या चाळीतला केदार त्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोचला. समोर ईशान्येकडच्या डोंगरातली एक मुलगी होती. तिचे हिंदी उच्चार वेगळे, डोळे बारीक, म्हणून पोरं तिला 'मोमो' म्हणायची. काकांना ते आवडत नसे. एकदा ते हळूच मला म्हणाले, "बघ कशी गाता. दुसऱ्याच्या घरात चपला काढून शिरल्यासारखी." फोर्टातल्या माझ्या कॉलेजात मी इंग्रजी तसंच बोलतो, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

शेवटच्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी विजूदादा यांनी सगळ्यांचे फोन कॅरम बोर्डवर ठेवायला सांगितले. दोघांनी बसून प्रत्येक फोनवरून केदारला मत द्यायचं, म्हणजे म्हाताऱ्यांची मतं फुकट जाणार नाहीत. हेतू वाईट नव्हता. फोनांचा ढीग झाला. काकांनी मात्र खिशावर हात ठेवला. "माझा मी देतलंय."

"काका, तिकीट आहे का ते, तुम्हीच फाडायला?" विजूदादा म्हणाले. सगळे हसले, काकाही हसले. मग नेहमीसारखे भिंतीकडे वळले.

केदार हरला.

दुसऱ्या दिवशी विजूदादा काकांच्या दारात आले. मी तिथेच होतो. एका मताने कोणी हरत नाही हे आपल्याला कळतं, पण केदारची आई रडतेय, लोक बोलतायत, असं त्यांनी समजावून सांगितलं. "नुसतं 'केदारला दिलं' म्हणा, काका. विषय संपला. खोटं असलं तरी चालेल."

काका गंभीर झाले की मालवणी सोडून शुद्ध बोलायचे. "विजू, आज हे सांगितलं तर खऱ्या निवडणुकीलाही तू असाच दारात उभा राहशील."

"म्हणजे तिलाच दिलंत."

काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

भांडण कोणी केलं नाही. फक्त गणपतीत दुपारच्या आरतीचं ताट दर वर्षी काकांच्या हातात असायचं, ते दुसऱ्या कोणाकडे गेलं. काका खांबापाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. जिन्यात लोक त्यांना वाट द्यायचे, पण थांबायचे नाहीत. दिवाळीनंतर खोलीला कुलूप लावून ते बदलापूरला पुतणीकडे राहायला गेले. गुडघे दुखतात म्हणाले.

लोकशाहीवरच्या माझ्या निबंधात 'गुप्त मतदान' असे दोन शब्द आहेत. त्या निबंधाला मला चांगले मार्क मिळाले. ते दोन शब्द पाळायला माणसाला किती एकटं पडावं लागतं, हे पुस्तकात नव्हतं.

आमच्याकडे विरार-डोंबिवलीला गेलेली माणसं आपलं मत इथेच ठेवतात. निवडणुकीच्या दिवशी येतात, मत देतात आणि जुन्या शेजाऱ्यांकडे जेवून जातात. यंदा केदारच्या आईने वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. एक ताट तिने झाकून ठेवलं. कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही. विजूदादा सकाळपासून गॅलरीच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. म्हातारा मत सोडणार नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. त्यांनी आरतीचाही विषय काढला. पुढच्या गणपतीत ताट काकांच्याच हातात द्यायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

केंद्र बंद व्हायची वेळ आली तेव्हा त्यांनी खिशातून पुतणीचा नंबर काढला आणि मला लावायला सांगितलं. तो त्यांच्याकडे कधीपासून होता, मला माहीत नाही.

फोन स्पीकरवर होता. काका पावसाळ्यातच गेले, ती म्हणाली. नंतर चाळीत कोणाला कळवायचं हे तिला सुचलं नाही. आजारपणात तिने त्यांना विचारलं होतं, कोणाला बोलावू का. त्यावर ते म्हणाले होते, "कशाक? मतदानाक जातलंयच, तेव्हा भेटान सगळ्यांका."