जाऊबाईंची सुटी

लोणारच्या बसस्टँडमागे एका जमीनदाराच्या मुलाने पत्र्याचे शेड घातले आणि रेडिओसाठी कॉइल गुंडाळायचे काम सुरू केले, तेव्हा आम्ही दोघी जावा तिथे लागलो. उजव्या हाताने चाकाची मूठ फिरवायची, डाव्या चिमटीतून केसाएवढी बारीक तांब्याची तार सोडायची आणि वेढे मोजत राहायचे. मोजणी चुकली की कॉइल बाद.

सुरुवातीला दुपारचे जेवण उरकून जायचो, दिवेलागणीच्या आत घरी. पुढे गावोगाव रेडिओ आले आणि आम्हाला सकाळपासूनच बोलावू लागले. बाजाराच्या दिवसाची सुटीही गेली. मुकादम दारात येऊन "सुटी झाली" म्हणेपर्यंत कोणी मान वर करत नसे. मग शहरात हेच काम यंत्रावर होऊ लागले. आमचा दिवस अर्धा झाला, मग एक दिवसाआड, आणि एका उन्हाळ्यात शेडला कुलूपच लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जाऊबाई ओसरीवर बसलेली दिसली. उजवा हात हवेत गोल फिरत होता. डावी चिमूट सैल होत होती, ओठ हलत होते.

"काय करून राह्यल्या, बाई?"

"थांब व, मोजणी चुकन."

सासूने अंगारा लावला. काही उपयोग झाला नाही. जेवायला उठवले तरी हात थांबेना. एका संध्याकाळी वैतागून मी दारात उभी राहिले आणि मुकादमाच्या आवाजात ओरडले, "सुटी झाली!" तिचे हात मांडीत पडले. उठली, तोंड धुतले, भाकरी थापायला बसली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला सुटी देत असे. भासऱ्यांनी, तिच्या नवऱ्याने, तेच शब्द म्हणून पाहिले, तिने वळूनही बघितले नाही.

भावाच्या लग्नाला मी माहेरी सुलतानपूरला गेले आणि मुक्काम पडला. सकाळच्या एसटीने परतले, तर ती तिथेच बसलेली. बोटांची साल निघालेली, आवाज बसलेला. मी घाईघाईने शब्द उच्चारले. तिने माझ्याकडे पाहिले.

"लय उशीर केला व आज."

पुन्हा मी माहेरी एकटी राहिले नाही. आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा जाऊबाईला सोबत घेऊनच गेले. दुपारी शेजारच्या घरात रेडिओ लागला. जाऊबाईने मान वळवली.

"त्याच्यात आपली तार असन काय व?"

"असन, बाई."

ती ऐकत राहिली. तिचा हात न सांगता थांबला होता. मला इतके बरे वाटले की मी आईच्या पायथ्याशी भिंतीला टेकून डोळे मिटले.

"कोण मोजून राह्यलं व?" आईने खाटेवरून विचारले.

मी डोळे उघडले. जाऊबाई गप्प बसून माझ्याकडे बघत होती. ओठ माझे हलत होते.