नदीपल्याडचं गाव

वाघोलीच्या कॉलेजात गणितात पहिला नंबर कायम माझाच असायचा. एकदा सरांनी विचारलं, नदीच्या एकाच बाजूला, काठापासून थोडी आत दोन गावं आहेत. एका गावातून निघून, नदीवर पाणी भरून दुसऱ्या गावी जायची सर्वांत जवळची वाट कोणती? मी दोन पानं समीकरणं मांडून उत्तर काढलं.

शेजारच्या बाकावरची, शेतकऱ्याच्या घरची मुलगी म्हणाली, "सर, दुसरं गाव काठापासनं तेवढ्याच अंतरावर, बरोबर समोर नदीपल्याड हाय असं समजायचं आन् पहिल्या गावातनं तिथवर सरळ रेघ मारायची. रेघ नदीला लागंल तिथं पाणी भरायचं."

सरांनी फळ्यावर तशी रेघ मारली; उत्तर माझ्या दोन पानांएवढंच आलं. मी भान विसरून टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर पुढेही माझाच आला, पण मेहनतीनं मला ते गाव पलीकडे कधीच दिसलं नसतं.