आरतीच्या मागं बेचाळीस दिवस

भाऊबीज झाली तशी पाथर्डीकडच्या त्या वस्तीवरून ट्रक हलायला लागले. भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरं असं सगळं भरून माणसं ऊसतोडीला निघाली. त्याच आठवड्यात मनकर्णाबाईंच्या दारातही एक छोटा हत्ती टेम्पो भरला जात होता. शेजारच्या राहीबाईनं कुंपणाशी येऊन विचारलं, "औंदा परत तोडीला का गं? तू तर कोयता ठिवला हुता."

"न्हाई मावशी. काश्मीरला चाललोय," मनकर्णाबाई म्हणाल्या. राहीबाईला ते चेष्टेचंच वाटलं.

पण ते खरं होतं. थोरली लेक आरती नगरच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला होती. आठवीत शाळेकडून सायकल मिळाली तेव्हापासून ती सायकलवरून उतरलीच नव्हती. नोकरी लागल्यावर नगरच्या सायकलवाल्या मंडळींत गेली, दोनशे-तीनशे किलोमीटर एका दमात मारू लागली, आणि एका रविवारी घरी येऊन म्हणाली, "आप्पा, मला काश्मीर ते कन्याकुमारी करायचंय. कंपनीनं बिनपगारी रजा दिलीय. तुमी अन आई टेम्पो घिऊन माझ्यासंगं येता का?"

अजिनाथरावांनी पाच वर्षांपूर्वी ऊसतोड सोडून हा टेम्पो घेतला होता. कांदा, कडबा, लग्नातली भांडी, जे मिळेल ते वाहायचे. त्यांनी लेकीकडं, मग दारातल्या टेम्पोकडं बघितलं. मग म्हणाले, "येतो. पन तुझ्या आईला कशाला आनखी तरास?"

मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "अठरा वर्सं संसार गाडीत भरून नेला म्या. रस्त्याकडंला चूल मांडायची तुमी शिकवनार का मला?"

अजिनाथराव टेम्पोची चाकं बघायला उठले.

श्रीनगरला पोचायलाच पाच दिवस लागले. तिघं एका केबिनमध्ये, मागं सायकल, गादी, पाण्याचे कॅन, शेगडी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणि बाजरीच्या पिठाची पिशवी. निघायच्या दिवशी पहाटे एवढी थंडी होती की आरतीच्या बाटलीतलं पाणी गोठायला आलं होतं. तिनं आईच्या पाया पडून पायडल मारलं आणि वळणाआड गेलीसुद्धा. मनकर्णाबाई तशाच उभ्या राहिल्या. "चल, बस," अजिनाथराव म्हणाले, "न्हाईतर ती पुढं अन आपन हितंच."

रोजचा क्रम लवकरच बसला. उजाडताना आरती निघायची. टेम्पो तिला मागं टाकून पंचवीस-तीस किलोमीटर पुढं जायचा आणि सावली बघून थांबायचा. आरती येईपर्यंत मनकर्णाबाईंचा उपमा नाहीतर खिचडी तयार असायची. ती खाऊन, पाय झाडून पुन्हा निघायची. वारा शेगडी पेटू देत नसे तेव्हा त्या तीन दगड मांडून काटक्यांवर करायच्या. स्वयंपाकाचं त्यांना काहीच अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते बाकीच्या वेळाचं. पातेली घासली की हाताला काम नसे. तोडीच्या दिवसांत अंधारात उठून फडात जायचं, दिवस मावळला तरी मोळ्या बांधत राहायचं. पोट रस्त्याकडंला भरलं, पण रस्ता कधी बघितला नव्हता. आता नुसतं बसून बघायचं म्हणजे त्यांना चुकल्यासारखं वाटायचं.

हरियाणात कर्नालच्या अलीकडं रस्त्याला लागूनच उसाचा फड होता. आरती यायला तासभर होता. मनकर्णाबाई सरळ फडात शिरल्या. बिहारकडच्या बाया तोडत होत्या. यांनी एक कांडं हातात धरून बघितलं, मान हलवली आणि एकीला खुणेनं कोयता मागितला. तिनं हसत दिला. मनकर्णाबाईंनी सपासप एक ओळ पाडली, पाचट काढलं, मोळी बांधली. बाया काम सोडून बघत राहिल्या.

अजिनाथराव कडेला येऊन ओरडले, "आगं, फिरायला आली का रोजावर?"

"हात आखडलं हुतं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. नंतर मात्र त्यांनी बसायला शिकून घेतलं. शेतात पाणी कसं देतात, बाया डोईवर पदर कसा घेतात, म्हशी कशा आहेत, हे त्या न्याहाळायच्या आणि आरती आली की सांगायच्या. ती घास तोंडात ठेवून हूं हूं करायची.

मध्य प्रदेशातलं सागर शहर सोडल्यावर दुसऱ्या दिवशी गडबड झाली. आरती सकाळीच ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा आली. सायकल टेकवायच्या आधीच खाली बसली. अंग चटका बसावा असं तापलेलं. तीन दगडांवर केलेल्या खिचडीला तिनं हात लावला नाही.

"व्हईल बरं. दहा मिनिटं थांबते," ती म्हणाली. दहाची तीस मिनिटं झाली. उभी राहायला गेली ती पुन्हा खालीच बसली. अजिनाथरावांनी तिला दंडाला धरून टेम्पोशी आणलं. सायकल उचलून मागं टाकली, लेकीला गादीवर झोपवलं आणि अडतीस किलोमीटरवरच्या नरसिंहपूरला एका दवाखान्यात आणलं. वाटेत नर्मदा लागली. मनकर्णाबाईंनी हात जोडले, पण आरती डोळे मिटून पडली होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तीन दिवस हलायचं नाही म्हणून सांगितलं. जवळच एका धर्मशाळेत खोली मिळाली. मनकर्णाबाई तांदळाची पेज करून चमच्यानं भरवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. आरती भिंतीला टेकून बसली होती. सहज बोलावं तसं म्हणाली, "आई, लहानपनी हिवाळ्यात ताप आला की आजी काढा द्यायची. तू न्हवतीच कधी थंडीची घरी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तरी मनकर्णाबाईंचा चमचा वाटीतच राहिला. दिवाळी झाली की चिमुकली आरती आजीच्या लुगड्याआड तोंड लपवून बसायची, ट्रक हलेपर्यंत बाहेर यायची नाही. साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर त्या परत यायच्या तेव्हा पोर बोटभर वाढलेली असायची.

"न्हवते," त्या म्हणाल्या. पदरानं वाटीची कड पुसत म्हणाल्या, "लई वाईट वाटायचं गं. पन सांगायचं कुनाला?"

आरतीनं पेजेची वाटी आईच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या हातानं संपवली. बाहेर अजिनाथराव टेम्पोची काच पुसत होते.

चौथ्या दिवशी पहाटे आरती आवरून तयार झाली आणि म्हणाली, "आप्पा, मागं जायचं. जिथं मला गाडीत घेतलं तिथं."

अजिनाथराव चिडले. "अडतीस किलोमीटर मागं? साडेतीन हजारात अडतीसानं काय व्हतंय? कोन मोजायला आलंय हितं?"

"तेवढं माझं राहिलंय आप्पा."

"अन जागा तरी घावनार हाय का? सगळा रस्ता सारखाच."

"घावंल," मनकर्णाबाई मध्येच म्हणाल्या. "माझं चुलीचं दगड तिथंच हायेत. लिंबाखाली. शेजारी पत्र्याचं टपरं हाय. चला."

गाडी मागं वळली. मनकर्णाबाई खिडकीतून डोकं काढून बघत होत्या. दोन टपऱ्या गेल्या, त्यांनी मान हलवली. तिसऱ्या टपरीपाशी त्या म्हणाल्या, "थांबवा." लिंबाखाली काजळलेले तीन दगड होते, मधे थंड राख. अजिनाथरावांनी सायकल खाली उतरवली, चाकातली हवा दोनदा तपासली आणि लेकीच्या डोक्यावर टोपी ठेवली.

आरती हळू निघाली. त्या दिवशी टेम्पो पुढं गेला नाही. पूर्ण अडतीस किलोमीटर तिच्या मागून, सायकलच्या चालीनं चालला. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. अजिनाथरावांनी त्यांना हातानं पुढं जा म्हणून खुणावलं. नर्मदेच्या पुलावर आरती मधोमध थांबली, नदीकडं बघितलं, मागं वळून आईला हात केला. मनकर्णाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

पुढचा रस्ता सरळ गेला असं नाही. तेलंगणात दोन टायर फाटले. बंगळूर ओलांडायला सबंध दिवस गेला. बाजरीचं पीठ केव्हाच संपलं, तेव्हा मनकर्णाबाई मिळेल त्या पिठाच्या भाकरी थापू लागल्या. बेचाळिसाव्या दिवशी दुपारी आरती कन्याकुमारीला पोचली. नगरच्या सायकलवाल्यांनी मोबाईलवर एकच गलका केला. आरती वाळूवर आडवी झाली. अजिनाथराव तिचे बूट हातात घेऊन उभे होते. बूट कुठं ठेवावेत तेच त्यांना सुचत नव्हतं. मनकर्णाबाई पायातल्या चपला काढून गुडघाभर पाण्यात गेल्या. लाटेनं लुगडं भिजलं, तरी हलल्या नाहीत.

परतीला आरती मागं गादीवर सायकलशेजारी गाढ झोपली. रस्ता मोकळा मिळाला तसा अजिनाथरावांनी टेम्पो सोडला. काटा सत्तरवर गेला.

"एवढं बेगीनं नका," मनकर्णाबाई म्हणाल्या, "कायबी दिसंना."

अजिनाथरावांनी पाय सैल सोडला. दोन्ही बाजूंना भातशेतं होती. एक बाई बांधावरून बदकांचा कळप हाकत नेत होती. मनकर्णाबाई मागं वळून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.