नऊ सीटची दख्खन आणि हरसूलची टेस्ट ड्राइव्ह

हरसूलला जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. नाशिकच्या माणसाला एक दिवस मोकळा मिळाला की तो त्र्यंबकला जातो, फार तर वणीला, आणि संध्याकाळी घरी येऊन दमल्याची तक्रार करतो. मी हरसूलला गेलो तो नोकरीपायी, गळ्यात टाय बांधून, आणि दुसऱ्यासाठी मुलगी बघायला.

२००४ चा हिवाळा. मी राहायला इंदिरानगरला आणि नोकरीला मुंबई नाक्याजवळच्या एका कार शोरूममध्ये. प्रोबेशन संपत आलं होतं आणि माझ्या नावावर एकही गाडी विकली गेली नव्हती. आमच्या कंपनीने (ती आता बंद पडली, त्यामुळे तिची निंदा करण्यातही मजा उरलेली नाही) त्या वर्षी दोन नवी मॉडेलं आणली होती. एक 'पिकोला'. आठशे सीसी, चार दारं, लिटरला अठरा किलोमीटर, आणि वळायला एवढी सुटसुटीत की भद्रकालीच्या गल्लीत अडकली तरी सुटेल. दुसरी 'दख्खन'. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, जमिनीपासून वीतभर उंच, तिसऱ्या रांगेपर्यंत एसीची हवा आणि नऊ सीट. माहितीपत्रकात तिच्या रंगाचं नाव 'डेझर्ट सँड' होतं. शोरूममध्ये येणारा प्रत्येक माणूस त्याला मातकट म्हणायचा.

एका दुपारी मखमलाबादचे काशिनाथतात्या आले. गुलाब, झेंडू, पालक, मेथी असा त्यांचा मळा. पांढरी टोपी, पायात धुळीची चप्पल. माझ्या मॅनेजरांनी, पाठकसरांनी, त्यांना आधी पिकोलाकडे नेलं.

"काय नाव म्हनले हिचं? पिकला?" तात्यांनी विचारलं.

"पिकोला."

"लहान हाय. आमच्या आत्याबाई एकल्याच बसतील हिच्यात."

मग ते दख्खनपाशी आले आणि नऊच्या नऊ सीटांवर पाळीपाळीने बसून आले. शेवटच्या सीटवरून त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, घाट चढवून बघायची हाय. उद्या सकाळी मळ्यात या. हरसूलपर्यंत जाऊ."

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जायचं आणि परत यायचं, असा आमचा नियम. पण पाठकसरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तो म्हणेल तिथे ने. गुजरातेत म्हणाला तर गुजरातेत ने. बुकिंग घेऊन ये."

सकाळी मळ्यात पोचलो तर सगळे नटून उभे. तात्यांची टोपी कडक इस्त्रीची. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या अंगावर जरीचं पातळ. तात्यांच्या थोरल्या बहीण आत्याबाई, हातात पेढ्यांचा पुडा आणि नारळ. आणि मागे मुलगा प्रकाश, सत्तावीस-अठ्ठावीसचा, नव्या शर्टात अवघडलेला, शर्टाची घडी अजून छातीवर दिसत होती. दख्खनच्या दोन्ही बाजूंना आमचं मोठं स्टिकर होतं, 'नवी दख्खन. या, चालवून बघा'. तात्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत गेले आणि झेंडूच्या जाड माळा घेऊन आले. एक बॉनेटवर, दोन दोन्ही बाजूंना, बरोबर त्या अक्षरांवर.

"नवी गाडी हाय. हार नको?" ते म्हणाले.

मला भरून आलं. बुकिंगच्या आधीच गिऱ्हाईक गाडीला हार घालतंय, असं आमच्या ट्रेनिंगमध्येही कोणी सांगितलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, हा रस्ता फार सुंदर आहे. मखमलाबादहून मातोरीवरून गिरणाऱ्याला जायचं. तिथपर्यंत दोन्ही हातांना द्राक्षबागा आणि टोमॅटो. गिरणाऱ्यात पोटाला काहीतरी घालून घ्या, कारण पुढे हरसूलपर्यंत धड काही मिळत नाही. तिथल्या एका पत्र्याच्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. तेव्हा बारा रुपयांना प्लेट होती, रस्सा पुन्हा मागितला तर तोंड वाकडं न करता देत होते. आत्याबाईंनी दोन प्लेटी खाल्ल्या. पुढे घाट आहे हे त्यांना ठाऊक होतं, मला वाटतं त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

गिरणारं सोडलं की बागा मागे पडतात. भात कापून झालेली खाचरं, मध्येच नागलीचे, म्हणजे नाचणीचे, वाळत घातलेले भारे आणि समोर वाघेऱ्याचा किल्ला. रस्ता तेव्हा अरुंद आणि खड्ड्यांचा होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण प्रत्येक खड्ड्यात मला गाडीचा एक गुण सांगता येत होता. घाट लागला तसा मी सुरू झालो. "आता बघा तात्या, नऊ माणसं घेऊन ही दुसऱ्या गिअरमध्ये..."

"आपुन पाचच हाय," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पुढचा कप होल्डर मिसरीच्या डबीसाठी ताब्यात घेतला होता आणि मधल्या रांगेतून सारखा हात पुढे करत होत्या.

मागून काकूंचा हलका आवाज आला. "उंचीला कशी हाय म्हनले ती?"

"छतापर्यंत एक मीटर नव्वद, काकू," मी म्हणालो. "म्हणजे सव्वासहा फूट."

गाडीत सगळे गप्प झाले. इंजिन खरंच कमी आवाज करतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"सव्वासहा?" काकू म्हणाल्या. "मग जोडा कसा दिसायचा? आपला प्रकाश तिच्या खांद्याला लागंल."

"कोणाच्या खांद्याला?" मी विचारलं.

तात्या खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटच्या रांगेतून, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलेला प्रकाश सकाळपासून पहिल्यांदाच बोलला. "साहेब, हरसूलला मुलगी बघायला चाललोय आपण. तुम्हाला सांगू म्हणालो होतो मी. यांनी नको म्हणून सांगितलं."

मी गाडी बाजूला घेतली. एक तर मला धक्का बसला होता आणि दुसरं म्हणजे आत्याबाईंना उतरायची घाई झाली होती. त्या रस्त्याकडेला मिसळीचा निरोप घेत असताना तात्या माझ्याजवळ आले.

"दोन ठिकानी गेलतो आधी," ते म्हणाले. "आमच्या टेम्पोतून. पोरीच्या बापांनी पोराकडं पाह्यलंच नाय, टेम्पोकडंच बघत बसले. एक तर म्हनला, पालकाचा वास येतो. भाऊ, त्या पालकावर घर बांधलं मी. पन पोरगा मान खाली घालून बसला व्हता, ते मला बघवलं नाय. म्हनलं, या बारीला गाडीतून जाऊ. तुमाला पटलं तर चला, नायतर वळवा."

मी वळवली नाही. बुकिंगचा विचार डोक्यात होता, हे नाकारत नाही. पण तात्या ते सांगताना टोपी काढून हातात धरून उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी प्रकाशचा मित्र, असं ठरलं. टाय काढून खिशात कोंबला.

हरसूलला त्या दिवशी आठवड्याचा बाजार. सुकट, मडकी, बांबूच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून चालत आलेली माणसं. बाजारासाठी म्हणून तरी एकदा जाच. मुलीचे वडील दामूशेठ यांचं खताचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आणि दुकानामागे घर. गाडी दुकानासमोर लावली तेव्हा दामूशेठ आधी गाडीभोवती फिरले आणि मग आम्हाला 'या' म्हणाले. तात्यांचा चेहरा उजळला.

आत पोहे आले, नागलीचे लाडू आले, आणि चहा घेऊन वैशाली आली. गावातल्याच शाळेत शिकवत होती. उंचीला बेताची. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. आत्याबाईंनी मुलीला एकच प्रश्न विचारला.

"तुला गाडी लागती का गं घाटात?"

"चालवणारा कोण आहे त्यावर आहे," वैशाली म्हणाली.

दामूशेठना मात्र गाडीचाच विषय काढायचा होता. "कधी घेतली, तात्या?"

"आत्ताच," तात्या म्हणाले.

"ॲव्हरेज?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मित्रासारखं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "आदर्श परिस्थितीत लिटरला तेरा किलोमीटर, शिवाय याच श्रेणीतल्या इतर वाहनांच्या तुलनेत देखभालीचा खर्च कमी."

"पाव्हने कंपनीवानी बोलतात," दामूशेठ म्हणाले आणि प्रकाशकडे वळले. "तुम्हीच चालवता का?"

प्रकाशने हातातली बशी खाली ठेवली. "काका, गाडी आमची नाही," तो म्हणाला. "चालवून बघायला म्हणून आणलीय. हे माझे मित्र नाहीत, शोरूमचे आहेत. आमचा टेम्पो आहे. मी रोज पहाटे त्यातून भाजी नि फुलं मार्केटला नेतो."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. दामूशेठ काही बोलणार, तेवढ्यात बाहेर गलका झाला. त्यांचा शेजारी दारात येऊन म्हणाला, "शेठ, तुमच्या पाव्हण्यांची गाडी लोक चालवाया मागतात. तिच्यावर तसं लिव्हलंय."

बाहेर जाऊन बघतो तर बाजारातली एक बकरी पुढचे पाय दारावर टेकून झेंडूची माळ शांतपणे संपवत होती. 'या, चालवून बघा' एवढी अक्षरं मोकळी झाली होती. गाडीचं कुलूप मीच लावलं नव्हतं, त्यामुळे आत अकरा जण बसले होते. त्यात दोन कोंबड्या मोजलेल्या नाहीत. एक म्हातारेबुवा स्टिअरिंग धरून अगदी गंभीरपणे समोर बघत होते.

"तात्या, मी पोरगा बघायला बसलो होतो का गाडी?" दामूशेठ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्याने जास्तच लागलं. इतके बोलके तात्या, नुसते उपरण्याचं टोक पिळत उभे राहिले.

वैशाली दारात आली होती. तिने प्रकाशला विचारलं, "हे सांगायचं ठरवून आला होतात?"

"नाही. गप्प बसायचं ठरलं होतं. जमलं नाही."

ती थोडी हसली. मग मला म्हणाली, "मला जीप येते, बाबांच्या जुन्या जीपवर शिकलेय. ही चालवून बघू का? लिहिलंय ना तसं."

दामूशेठ 'वैशू' म्हणाले, पण तोवर ती म्हातारेबुवांना हात देऊन खाली उतरवत होती. मी शेजारी बसलो. प्रकाश सवयीने शेवटच्या रांगेत जायला निघाला, तर ती म्हणाली, "इतक्या मागे बसलात तर ऐकू कसं येणार?" तो मधल्या रांगेत आला. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा हलली आणि बाजाराच्या गर्दीतून हॉर्न देत देत गावाबाहेर आली. मी पॉवर स्टिअरिंगबद्दल सांगायला सुरुवात केली. कोणी ऐकत नव्हतं. तिला पालकावर कीड कोणती पडते ते हवं होतं, त्याला शाळेत किती मुलं टिकतात ते. मी माहितीपत्रक उघडून वाचत बसलो. टूलकिट कुठे असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परत आलो तेव्हा दामूशेठ आणि तात्या दुकानाच्या पायरीवर एकमेकांशी न बोलता बसले होते. निघताना हो-नाही काहीच झालं नाही. "कळवतो," एवढंच दामूशेठ म्हणाले. येताना आम्ही त्र्यंबकवरून आलो. तो रस्ता बराच बरा आहे, आणि आत्याबाई पुढे बसल्या तर पोटही जागेवर राहतं. मखमलाबादला उतरताना तात्या मला म्हणाले, "भाऊ, तुमचा दिवस वाया घालवला मी." मी म्हणालो, "नाही तात्या," आणि ते बरंचसं खरं होतं.

शोरूममध्ये पाठकसरांनी आधी किलोमीटरचा आकडा पाहिला, मग सीटवरची कोंबडीची पिसं, मग दारावरचे खुरांचे ओरखडे. "बुकिंग?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यानंतर ते जे बोलले ते प्रवासवर्णनात बसणारं नाही.

पुढच्या आठवड्यात शोरूमच्या फोनवर हरसूलहून माझ्यासाठी फोन आला. दामूशेठ. "ती नऊ सीटची गाडी," ते म्हणाले, "नऊ लिहिलंय म्हणजे पंधरा बसतील ना? त्र्यंबकला पॅसेंजर मारायला हवीय." कंपनी नऊच म्हणते, असं मी सांगितलं. "बाजाराच्या दिवशी अकरा बसलेले मी मोजले," ते म्हणाले, आणि गाडी पक्की केली. फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक काम सांगितलं. "तात्यांचा फोन लागत नाही. त्यांना निरोप द्या, आमचा होकार आहे. पोरगी ऐकत नाही."

मी तशीच स्कूटर काढली. तात्या मळ्यात गुलाब तोडत होते, प्रकाश पाटीत भरत होता.

"हरसूलचा होकार आहे," मी म्हणालो.

तात्या कात्री घेऊन तसेच उभे. "कशाला होकार? गाडीला का पोराला?"

"दोन्हीला."

त्यांनी तोडलेल्या गुलाबांची एक जुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. प्रकाशने पाटी खाली ठेवली आणि विहिरीकडे चालत गेला. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तो तिथे उभा होता.

त्यानंतर मी बऱ्याच गाड्या विकल्या, दुसऱ्या कंपन्यांच्याही. त्यांचे आकडे डोक्यातून कधीच गेले. हरसूलचा रस्ता मात्र राहिलाय, आणि नव्या गाडीत शेजारी बिनकामाचा बसून गावाबाहेर फिरून आलो ती वीसेक मिनिटं. जमलं तर हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी जा. गाडी कुठलीही चालेल, कुलूप तेवढं लावा.

होकार कळवला त्या संध्याकाळी मी स्कूटरला गुलाबांची जुडी बांधून घरी आलो. आईने दार उघडलं. "कोणी दिली?"

"गिऱ्हाइकाने."

"गाडी घेतली का त्यांनी?"

"नाही."

"मग फुलं कशाबद्दल?"

मी बूट काढता काढता सुरुवातीपासून सांगायला लागलो, आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवणं फार उशिरा झाली.